रायसिंग सरांना वर जायचं होतं

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी शुगरची गोळी कधी चुकवली तेही न सांगता कळतं. विसरलो होतो असं म्हणता आलं असतं, पण ते खोटं होईल. दरवर्षी एप्रिल आला की आठवतं, आणि दरवर्षी मी दुसरं काहीतरी काम काढून बसतो. कधी माळा आवरायचा, कधी कुंड्यांची माती बदलायची. आता वय झालं. कामं संपली. तेव्हा तुम्हीच ऐका.

पण आधी रायसिंग सरांविषयी सांगू द्या. त्यांच्याविषयी बोलायला मला आवडतं. मुद्द्यापासून पळायचा हाही एक रस्ता असेल — असू दे.

मी म्हसावदजवळच्या एका गावातल्या हायस्कूलचा मुख्याध्यापक होतो. शाळा एका संस्थेची. त्याच संस्थेची एक आश्रमशाळा वर होती, सातपुड्यात, धडगावच्याही पुढे. आमच्याकडे 'वर' आणि 'खाली' ह्या नुसत्या दिशा नव्हत्या. खाली म्हणजे सपाट मुलूख, केळी, पपई, दारापर्यंत एसटी. वर म्हणजे घाट, जीप, आणि पावसाळ्यात तुटणारा रस्ता. एखादा शिक्षक संस्थेच्या अध्यक्षांशी वाकडा वागला की त्याला वर पाठवत. वर गेलेला पहिल्या आठवड्यापासून खाली यायच्या खटपटीला लागे.

रायसिंग सर नेमके उलटे. ते पावरा समाजाचे, वरचेच. नोकरी लागली ती खाली, आमच्या शाळेत, इंग्रजीचे शिक्षक म्हणून. बायको त्यांच्या पाड्यावर अंगणवाडी सेविका. तिची नेमणूक त्या गावापुरतीच, त्यामुळे तिला हलता येत नव्हतं. लहान मुलगी आईजवळ. शनिवारी सकाळची शाळा सुटली की सर धडगावची जीप पकडत, तिथून दुसरी जीप, मग पायी डोंगर. रविवारी जेवून परत. संस्थेची आश्रमशाळा त्यांच्या घरापासून चालत जाण्याजोगी होती. तिथं बदली व्हावी, एवढीच त्यांची मागणी. पगार तोच, हुद्दा तोच.

स्टाफरूममध्ये सगळे हसायचे. आमचे गणिताचे पाटील सर म्हणाले होते, "लोके वरथीन खाले येवासाठे नवस करतस. तुम्ही उलटा नवस कया का?"

"नवस नाही, सर. घर आहे," रायसिंग सर म्हणाले, आणि पुन्हा पेपर तपासायला लागले.

आणि शिकवायचे कसं! घरी पावरी, बाजारात अहिराणी, शाळेत मराठी — इंग्रजी ही त्यांची चौथी भाषा. पण ती त्यांनी अशी आपलीशी केली होती की मी, जो स्वतः इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झालो, तो व्हरांड्यात खांबाआड उभा राहून ऐकायचो. शुक्रवारच्या शेवटच्या तासाला ते एखादी गोष्ट घेत आणि तिच्याभोवतीचे इंग्रजीतले शब्द, वाक्प्रचार गोळा करत. एका वर्षी त्यांनी घेतलं — थांबणं. धीर धरणं.

'पेशन्स' आणि दवाखान्यातला 'पेशंट' हे एकाच मुळातून आले, मूळ अर्थ सोसणं, असं त्यांच्याच तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मला माहीत नव्हतं. 'होल्ड युवर हॉर्सेस' सांगताना त्यांनी विचारलं, घोडा कोणाकडे आहे? कोणाकडेच नव्हता. पण सारंगखेड्याचा घोडेबाजार सगळ्यांनी पाहिलेला. एका पोराने उठून बिथरलेल्या घोड्याचा लगाम धरलेल्या व्यापाऱ्याची अशी नक्कल केली की वर्ग लोळला. "बस. हाच अर्थ," सर म्हणाले. "पण ज्यांच्या घरी बैल आहेत त्यांनी परीक्षेत बैल लिहू नका." 'ऑन टेंटरहुक्स' साठी त्यांनी दोघींना ओढणीची टोकं धरून ताणायला लावली. पूर्वी इंग्लंडात विणलेलं कापड वाळताना आक्रसू नये म्हणून आकड्यांना असं ताणून ठेवायचे — निकालाच्या आदल्या दिवशी तुमचा जीव असतो तसं. 'कूल युवर हील्स' ला तर समजवावंच लागलं नाही. साहेब आत, आपण बाहेर बाकड्यावर. टाचा गार होईपर्यंत. ते प्रत्येकाच्या बापाने केलेलं होतं.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी अजून विसरलो नाही. म्हणाले, इंग्रजीत थांबण्याचे दोन ढीग आहेत. एका ढिगात माणूस आपण होऊन थांबतो — 'सिट टाइट', 'बाइड युवर टाइम'. दुसऱ्यात त्याला कोणीतरी थांबवून ठेवलेलं असतं. वाक्य करायच्या आधी स्वतःला विचारा, थांबवणारा कोण?

पुढच्या शुक्रवारी फळ्यावर होतं, 'टु स्ट्रिंग समवन अलाँग'. एखाद्याला खोटी आशा दाखवत झुलवत ठेवणं. उदाहरण कोण देणार?

"सर, आमना टेलर," मागच्या बाकावरून आवाज आला. "फक्त बटन बाकी शे म्हणस. दिवाळी निंघी गयी, बटनच लावी ऱ्हायना."

सगळे हसले. सरही हसले. खांबाआड मी आणखी मागे सरकलो. मला वाटलं, यांना कळलंय. हे मला ऐकवतायत.

त्यांना कळलेलं नव्हतं. त्यांच्या हसण्यात काही नव्हतं. ते तास संपवून बाहेर आले, मला पाहून थबकले, आणि रोजच्याच आदबीने म्हणाले, "सर, काही चुकलं का शिकवताना?"

आता सांगतो.

आमच्या संस्थेत बदल्या कागदावर नंतर येत, आधी तोंडी ठरत. एप्रिलमध्ये अध्यक्ष शाळेत यायचे, माझ्या खुर्चीत बसायचे, मी समोर. चहा व्हायचा आणि ते विचारायचे, कोणाला हलवायचं? पहिल्याच वर्षी त्यांनी आपणहून विचारलं, "ते पावरा सर वर जायचं म्हणतात म्हणे?"

मी म्हणालो, "नाही साहेब. म्हणत होते, पण आता त्यांचाच विचार बदललाय. खालीच राहायचंय त्यांना."

अध्यक्षांनी मान डोलावली. त्यांना शंका का यावी? खाली असलेला माणूस वर कशाला जाईल? माझं खोटं खपवायला मला काहीच करावं लागलं नाही. आम्हा खालच्या लोकांची समजूतच अशी होती की ते आपोआप खरं वाटलं.

संध्याकाळी रायसिंग सर केबिनच्या दारात आले. "सर, काही कळलं?"

"बोललोय मी," मी म्हणालो. "साहेबांच्या मनात आहे. थोडा धीर धरा."

पुढच्या एप्रिलला तेच. त्याच्या पुढच्याही. दर वेळी अध्यक्षांना एक वाक्य आणि सरांना दुसरं. मी निवृत्त होईपर्यंत.

का केलं? दहावीचा इंग्रजीचा निकाल त्यांच्यामुळे वर गेला होता. शहाद्याहून पालक मुलं घेऊन येत, आणि मी त्यांना चहा पाजत असे. ते गेले असते तर दहावीचं इंग्रजी मला घ्यावं लागलं असतं, आणि मी ते कसं शिकवतो ते गावाला दिसलं असतं. एवढंच. यापेक्षा मोठं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला — शाळेचं भलं, मुलांचं भवितव्य. सापडलं नाही.

एका सोमवारी ते मधल्या सुट्टीत हसत हसत सांगत होते. शनिवारी घरी पोहोचले तेव्हा मुलीने त्यांना लोटाभर पाणी आणून दिलं, मग आईच्या कानाशी लागून विचारलं, हा पाहुणा कधी जाणार? पावरीत ती काय म्हणाली ते त्यांनी तिच्या आवाजात म्हणून दाखवलं. आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. हसून झाल्यावर त्यांनी डबा उघडला आणि बराच वेळ भाकरीला हात लावला नाही. मी ते पाहिलं. तो मार्च होता. पुढच्या महिन्यात अध्यक्ष आले तेव्हा मी तेच वाक्य पुन्हा म्हणालो.

इतक्या वर्षांत त्यांचा एक तास बुडाला नाही. जीप उशिरा मिळाली म्हणून सोमवार चुकला नाही. कोणाकडे माझी तक्रार नाही, आवाज चढला नाही. माझ्यावर विश्वास ठेवून थांबले. तसा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याची मला पूर्ण कल्पना होती — तेव्हाही.

मी निवृत्त झालो. नव्या मुख्याध्यापकांनी पहिल्याच बैठकीत अध्यक्षांना सांगितलं की रायसिंग सरांना वर जायचंय, आणि त्याच जूनमध्ये सरांची बदली झाली. जाण्याआधी ते माझ्या घरी आले. घरच्या आंब्यांच्या आमचुराची पिशवी घेऊन. म्हणाले, "सर, जाता जाता तुम्ही माझं काम करून गेलात."

मी काय म्हणालो असेन?

मी म्हणालो, "अहो, तुमचंच होतं ते." आणि पिशवी घेतली. ते आमचूर आमच्या डाळीत वर्षभर चाललं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचं लग्न झालं. फोनवर त्यांनी इतक्या आग्रहाने बोलावलं की नाही म्हणवलं नाही. जायचं, आणि सांगून टाकायचं, असं ठरवूनच निघालो. पूर्ण घाटभर मनात वाक्यं जुळवत होतो.

ढोल वाजत होते. सरांचे केस पांढरे झालेत, पण चाल तीच, घाई नसलेली. मला हात धरून त्यांनी माणसामाणसाकडे नेलं आणि प्रत्येकाला पावरीत तेच सांगितलं. मग मला मराठीत समजावलं — "मी म्हणालो, यांनी मला घरी आणलं." मुलगी, नवरीच्या चांदीच्या दागिन्यांत, वाकून पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मी मागे घ्यायला हवा होता.

नंतर त्यांनी मला मांडवाबाहेर सावलीत खाटेवर बसवलं, स्वतः पाणी आणलं, आणि शेजारी बसले. आसपास कोणी नव्हतं.

"सर, थकलात?"

"नाही," मी म्हणालो. "घाट लागला जरा."

त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने मला वारा घातला. मग कोणीतरी हाक मारली आणि ते उठून गेले.

मला म्हणायचं होतं — रायसिंग सर, अध्यक्ष दरवर्षी विचारत होते. दरवर्षी मीच नाही म्हणालो. तुमची मुलगी तुमच्याविना मोठी झाली ती माझ्यामुळे. माझं चुकलं.