वलांडीपाशी उभी असलेली ती

आमच्या साक्षी होईपर्यंत आम्हा दोघांना समुद्रकाठच्या चौक गावातल्या एका बंद पडलेल्या गेस्ट हाऊसच्या वरच्या मजल्यावर, पोलिसांच्या पहाऱ्यात ठेवलं होतं. आरोपी बडा माणूस. खटला रोज टीव्हीवर गाजत होता. भाईंदर पूर्वेला भर बाजारात झालेला तो हल्ला मी भाजी घेताना पाहिला होता, आणि दुसऱ्याने स्वतःच्या रिक्षात बसून. हा दुसरा तिशीतला, मूळचा नांदेडकडचा. मला काका म्हणायचा.

"पूर्वी ज्युरीला असंच कोंडून ठेवायचे," बंदोबस्ताचे साहेब पहिल्या दिवशी म्हणाले. "कुणी पढवलं असं उद्या वकिलाने म्हणायला नको."

टीव्ही नाही, मोबाईल जमा. पेपर यायचा, पण हवालदार आधी खटल्याची बातमी कात्रीने कापून काढायचा. त्या भोकात मागच्या पानावरचं शब्दकोडं निम्मं जायचं. उरलेलं निम्मं आम्ही दिवसभर पुरवायचो. दुपारी कॅरम. दर रविवारी एक फोन, तोही स्पीकरवर, हवालदारासमोर.

माझी बायको परक्यासमोर बोलायची नाही. पेणकरपाड्याहून तिचा आवाज यायचा, "बरी हाय. गोळी घेता ना?" आणि फोन बंद. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिच्याशी फार बोललो होतो असं नाही. पण ती सकाळी ओट्यावर तांदळाची भाकरी थापायची, तो थपथप आवाज कानाला नसला की दिवस सुरूच होत नाही, हे मला तिथे कळलं.

रिक्षावाल्याची बायको माहेरी बाळंतपणाला गेली होती. "पोर झालं की रविवारी फोनवर त्याचं रडणं ऐकवणार आहे ती," तो रोज सांगायचा. मधल्या दिवशी फोन मिळावा म्हणून हवालदाराच्या मागे लागायचा.

खिडकीखाली बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घातलेले असायचे. एकदा तिथे आमची नेहमीची कोळीण दिसली. पेणकरपाड्याला दारोदार मासळी विकणारी. हवालदार जेवायला बसलेला पाहून मी हळूच हाक मारली.

"अगं बाई, तुम्ही इथं?" ती वर बघत राहिली. "घरवालीला काय सांगू?"

"शनिवारी संध्याकाळी इथं ये म्हणावं. नुसती उभी राहा."

"एवढी याद येते? घरात असता तवा तर तोंड पेपरात!" ती हसत निघून गेली.

शनिवारी बायको आली. वलांडीपाशी उभी राहिली, डोक्यावर पदर. हात केला नाही, हसली नाही. वर बघत राहिली. मीही बघत राहिलो. तेवढ्यात हवालदार चहा घेऊन आला आणि मला खिडकीतून हटावं लागलं.

फाटकावरच्या शिपायाने तिला पाठमोरी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी साहेब आले. "या जागेचा पत्ता कुणी फोडला? कोण होती ती बाई?" मी म्हातारा, कधी काही न मागणारा. संशय रिक्षावाल्यावर गेला.

"माझी बायको नांदेडला आहे, साहेब. तिचे दिवस भरलेत."

"बायको नसेल तर दुसरी कुणी असेल."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी शब्दकोड्यात डोकं खुपसलं. त्याच दिवशी त्याला दुसरीकडे हलवलं, आणि त्याचे फोन बंद केले.

साक्षी झाल्या, आम्ही आपापल्या घरी गेलो. तिच्या येण्याचा आळ दुसऱ्यावर गेला, हे बायकोला मी सांगितलं नाही. ती गेल्या वर्षी वारली. त्यानंतर तिचा चेहरा आठवू म्हटलं की तोच वर बघणारा चेहरा येतो, आणि त्याच्यामागोमाग रिक्षावाल्याचा.

परवा त्याला स्टेशनबाहेरच्या स्टँडवर शोधून काढलं. रिक्षात बसलो आणि वाटेत सगळं सांगितलं. ती बाई माझी बायको होती. मी गप्प बसलो. माफ कर.

तो आरशात बघून म्हणाला, "माहीत आहे, काका. निळी साडी. मी बाजूच्या खिडकीत होतो."

"मग साहेबांना का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो." एक वळण गेलं. "पोरगी झाली हे मला तिचं बारसं उरकल्यावर कळलं."

यावर मी पुन्हा माफी मागायला हवी होती. पण माझ्या बायकोला त्या संध्याकाळी समोरून पाहिलेला माझ्याशिवाय तोच एक माणूस होता. मी विचारलं, "मी खिडकीतून हटल्यावर ती लगेच गेली का रे?"

पेणकरपाड्याच्या नाक्यावर त्याने रिक्षा थांबवली. मी उतरून उभा राहिलो.

"नाही गेल्या," तो समोर बघतच म्हणाला. "वलांडीचा बांबू धरून उभ्या होत्या. तुमच्या खोलीत दिवा लागला, तो बघितला, मग गेल्या."