साखर आहे का?

आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी. हे मी आजही छाती फुगवून सांगतो. म्हणून आमच्या मेडिकल कॉलेजात दुष्काळी गावांतल्या मधुमेहाची पाहणी करायचं ठरलं तेव्हा प्रश्नावली मीच लिहिणार म्हणालो. शहरातून आलेल्या सहकाऱ्यांना आमच्या लोकांची भाषा काय कळणार?

पहिल्या मसुद्यात 'मधुमेह' होतं. पुस्तकी वाटलं, खोडलं. कुणीतरी 'शुगर' सुचवलं. इंग्रजी म्हणून तेही खोडलं आणि ऐटीत लिहिलं, 'तुमच्या घरात साखर आहे का?' जे 'आहे' म्हणतील त्यांचंच रक्त तपासायचं. सगळं गाव तपासण्याइतक्या पट्ट्या आमच्याकडे नव्हत्या.

त्या साली ऊस उभ्या उभ्या वाळला होता आणि सहकारी कारखाना सुरूच झाला नव्हता. आमचे कार्यकर्ते केजकडच्या गावांत फिरले, माझ्याही गावात गेले. मी कॉलेजात पंख्याखाली बसून कागद चाळत होतो. बहुतेक सगळीकडे 'नाही'. मला आनंदच झाला. कष्टाची माणसं, ज्वारीची भाकरी, त्यांना कसला आलाय मधुमेह! तसंच लिहिलं. छापून आलं, कौतुक झालं. जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीनं तो लेख मागवून घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात गावी गेलो, तर फाट्यावरच्या हॉटेलात शाळेतला एक सोबती भेटला. "का रं डाक्टर, साखर कवा वाटतूस? लिवून नेलं अन् गायबच झालास." हॉटेलातले बाकीचे हसले. चेष्टा समजून मीही हसलो.

घरी माय ओल्या फडक्यानं पाय पुसत बसली होती. टाचेत काटा मोडून महिना झाला होता. जखम काळी पडलेली, वास येत होता. बॅगेतलं यंत्र काढून तिच्या बोटाचं रक्त घेतलं, तर आकडा चारशेच्या वर. विचारलं, माझा माणूस आला होता, त्याला तू काय सांगितलंस?

"साखर हाय का म्हनला. म्या म्हनलं, न्हाई. कारखानाच बंद, कुटून यील? कारखान्यात तुज्या बापाच्या नावचा शेर हाय, त्येबी लिव म्हनलं."

सभासदांना दिवाळीच्या तोंडावर कारखान्याची साखर स्वस्तात मिळायची. त्या साली मिळाली नव्हती. ती वाटायलाच कॉलेजची माणसं आलीत, असं गावाला वाटलं होतं. काही बायकांनी तर चुलीपाशी नेऊन रिकामे डबे दाखवले होते. हे कार्यकर्त्यांनी मला सांगितलंच नाही, की सांगितलं आणि मी कानामागं टाकलं, आता आठवत नाही. दुसरंच खरं असावं.

मायचा पाय वाचला नाही. गुडघ्याखाली कापावा लागला.

लेख चुकलाय, दुरुस्ती पाठवतो, असं विभागप्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, "एका शब्दापायी प्रोफेसरकी घालवता का? आधी मुलाखत होऊ द्या."

मी होऊ दिली. बरेच महिने गेले. प्रोफेसर झालो, गावात सत्कार झाला, आणि मग दुरुस्ती पाठवली. शेवटच्या पानावर चार ओळींत आली. कुणी वाचली असेल तर मला माहीत नाही.

त्यानंतर मायला कापलेला पाय दाखवायला जिल्ह्याला नेलं, तेव्हा तिला जीपमध्येच बसवून आरोग्य कचेरीत गेलो. गावच्या दवाखान्यात मधुमेहाची एक गोळी मिळत नव्हती, तेच सांगायचं होतं. साहेब उठून उभे राहिले, चहा मागवला. मग फायलीतून माझाच लेख काढून अदबीनं पुढं ठेवला.

"सर, तिकडं हा आजारच नाही. तुमचंच आहे हे."

मी दुरुस्तीचा कागद दिला. त्यांनी तो न वाचता फायलीला लावला, लेखाच्या खाली.

बाहेर माय वाट बघत होती. म्हणाली, "दिल्या का गोळ्या? शेजारनीचाबी पाय फुगलाय."

न्हाई म्हणालो.