हजेरीपुरता हवालदार

मिरजेत नर्सिंग शिकून बाहेर पडले आणि पहिली नोकरी लागली ती कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्याच्या दवाखान्यात. साल सत्तरच्या दशकातलं. दवाखाना म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, एक खाट, सुया उकळायला स्टोव्ह, आणि आठवड्यातून दोनदा सांगलीहून येणारे डॉक्टर. बाकीचे दिवस मी एकटीच.

हंगाम सुरू झाला की मळीचा वास पाठ सोडत नसे. तो पातळात शिरायचा, केसांत बसायचा, भाकरीचा तुकडा तोंडात घातला तरी आधी तोच लागायचा. कारखान्याचं काळं पाणी मागच्या ओढ्यात सोडलेलं होतं आणि ओढा जात होता नदीला. खालच्या गावच्या बायका अंगभर खरूज झालेली पोरं घेऊन माझ्याकडे यायच्या. मी मलम द्यायची आणि शहाण्यासारखं सांगायची, "नदीत आंघोळ घालू नका." एक म्हातारी एकदा म्हणाली, "मग काय तुमच्या ह्या बाटलीतल्या पान्यानं धू व्हय, बाई?" मी मलमाची आणखी एक डबी तिच्या हातात ठेवली.

गेटापाशी एक हिरवा फलक होता. वर लिहिलेलं, 'अपघाताविना दिवस', आणि खाली पत्र्याचे आकडे. रोज सकाळी शिपाई शिडी लावून आकडा बदलायचा. हा फलक कामगार अधिकारी साहेबांचा लाडका. पांढरा बुशशर्ट, केसांना तेल, बोलणं अगदी मऊ. त्या वर्षी त्यांना सुरक्षेची ढाल हवी होती. पुण्याहून समिती येणार, कारखाने बघणार, ज्याचा कारभार स्वच्छ त्याला ढाल देणार. साहेब दवाखान्यात आले की औषधांपेक्षा माझी वहीच जास्त बघायचे. बोट कापलं, डोळ्यात कण गेला, पाय मुरगळला, असं किरकोळ लिहिलेलं चालायचं. पण जखमी माणूस दोन दिवसांच्या वर कामावर आला नाही तर तो अपघात सरकारला कळवावा लागे. तेवढं घडू द्यायचं नव्हतं.

एका सकाळी नऊच्या सुमाराला चार माणसांनी बारदानाची झोळी करून एकाला माझ्या खाटेवर आणून टाकलं. तो पॅनवरचा हंगामी कामगार होता. कवठे महांकाळकडचा, पलटणीतून हवालदार होऊन घरी आलेला, हंगामापुरता बायकोला घेऊन कारखान्याजवळच्या खोपटात राहणारा. म्हणून सगळे त्याला हवालदारच म्हणत. पाक आटवायच्या मोठ्या पॅनला आतलं दिसावं म्हणून जाड काच असते, ती फुटली होती आणि उकळता पाक त्याच्या दोन्ही पायांवर आला होता. पाण्याचं भाजणं वेगळं. पाक चिकटतो आणि चिकटून भाजतच राहतो.

मी बुटाला हात घातला तसा तो म्हणाला, "बूट वडू नगा बाई. कातडं येतंय संगट."

ओरडला नाही तो. दात आवळून छताकडे बघत होता. मी कात्रीने बूट कापला. जे यायचं ते बुटाबरोबर आलंच.

आणणाऱ्यांतला एक जण दारात उभा राहून म्हणाला, "काच तडकलीया म्हनून चार दिस झालं सांगत हुता ह्यो. कोन ऐकतंय?"

तेवढ्यात साहेब आले. नाकाला रुमाल लावून दारातूनच त्यांनी विचारलं, "किती दिवस लागतील?"

"सांगलीला सिव्हिलला न्यायला हवं," मी म्हटलं. "आत्ता."

"मी विचारलं, किती दिवस?"

"महिना तरी."

साहेबांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग हवालदाराच्या उशाशी गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून अगदी प्रेमाने बोलले. तुम्ही लष्करातले, शिस्तीचे माणूस. ढाल मिळाली की पहिला कायम होणारा कामगार तुम्ही. रोज जीप येईल, टाइम ऑफिसात नुसतं बसायचं, हजेरीवर सही करायची, ड्रेसिंग इथंच बाई करतील. काम शून्य.

हवालदाराने माझ्याकडे बघितलं. "जमंल का बाई?"

जमणार नाही, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "डॉक्टर परवा येणार आहेत, ते बघतील." एवढंच बोलले. नोकरीला पाच महिने झाले होते माझ्या.

वहीत मी खरं लिहिलं होतं, पॅनची काच फुटून दोन्ही पाय भाजले असं. दुपारी साहेबांनी वही मागवली, ते पान हलक्या हाताने फाडलं आणि पेन माझ्यापुढे केलं. "लिहा. घरी चहाचं पातेलं सांडून पायास इजा." मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं होतं, आणि त्या ओळीतही ते चांगलंच आलं. आज त्या बुशशर्टवाल्या माणसाची किळस येते, पण त्याआधी त्या वळणदार अक्षराची येते.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी जीप त्याला आणायची. दोघं जण काखेत धरून टाइम ऑफिसच्या बाकावर बसवायचे. तो पाय समोरच्या खोक्यावर ठेवून संध्याकाळपर्यंत बसायचा. येणारेजाणारे त्याच्याकडे न बघता कार्ड टाकून पुढे जायचे. साखर कारखान्यात माशांना आणि मुंग्यांना तोटा नसतो. तिसऱ्या दिवशी मी ड्रेसिंगला गेले तर पट्टीवर लाल मुंग्यांची रांग लागली होती, खोक्यावरून चढून घोट्यापर्यंत गेलेली. तो वाकून एकेक मुंगी चिमटीत धरत होता आणि खाली सोडत होता.

"चावत न्हाईत," तो मला म्हणाला. "काय कळतच न्हाई तितं."

मी पट्टी सोडली. कळत नाही म्हणजे तिथलं मांस मरतंय, हे मला शिकवलेलं होतं.

डॉक्टर आले. त्यांनी लांबूनच पाय बघितला, पेनिसिलीन सांगितलं आणि साहेबांच्या केबिनमध्ये चहाला गेले. मी मागोमाग गेले. म्हटलं, "डॉक्टर, बोटं काळी पडायला लागलीत." डॉक्टरांनी बशीतलं बिस्किट उचललं. "समितीची भेट होऊन जाऊ दे," ते म्हणाले, "मग बघू."

समिती यायच्या आधी दोन दिवस कारखाना नटला. काळं पाणी ओढ्यात सोडायचं बंद करून एका खड्ड्यात अडवलं. ओढ्याच्या काठाला मेलेले मासे तरंगत होते, ते पाट्या भरून उचलले आणि सगळीकडे चुना मारला. माणसांना नवी हेल्मेटं वाटली. त्यातली निम्मी डोक्यात बसत नव्हती, म्हणून माणसं ती हातात धरून उभी राहिली. मला सांगितलं, खळीची पांढरी साडी नेसा आणि दवाखान्याच्या दारात हसतमुख उभ्या राहा.

त्या सकाळी हवालदाराला ताप होता. अंगाला हात लावला तर चटका बसत होता. पण हजेरीची सही हवीच होती. ती झाली, आणि पाहुण्यांना बाकावर तो दिसू नये म्हणून त्याला साखरेच्या गोदामात, पोत्यांच्या थप्पीमागे नेऊन बसवलं.

समितीत तिघं होते. वयस्कर, चष्म्यातले, सभ्य. त्यातल्या एकाने माझी वही चाळली आणि विचारलं, "वर्षभरात मोठं काही नाही?"

साहेब माझ्या शेजारीच होते.

"किरकोळच," मी म्हणाले. हसतमुख.

ते व्हरांड्यात आले तेवढ्यात गेटाकडून एक बाई तरातरा आली. हवालदाराची बायको. रात्रभर नवरा तापाने बरळत होता, तरी सकाळी जीप त्याला घेऊन गेली, म्हणून ती मागोमाग चालत आली होती. तिने सरळ साहेबांना गाठलं.

"आवं सायब, माजा मालक कुटं हाय?"

"बाई, नंतर या. पाहुणे आहेत."

"पावनं असू द्यात. मानूस कुटं ठिवलाय त्यो सांगा!"

 शिपाई मान खाली घालून उभा. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "गोदामात." आणि मीच पुढे झाले.

तो पोत्यांना टेकून एका अंगावर कलला होता. डोळे उघडे, पण ओळख नाही. जखमेच्या कुजक्या वासाने त्या साखरेच्या खोलीत श्वास घेववत नव्हता. बायको काही न बोलता खाली बसली आणि पदराने त्याच्या तोंडावरच्या माशा हाकलू लागली. पोती ओढायचा दोन चाकी गाडा होता, त्यावर आम्ही दोघींनी त्याला कसाबसा घेतला आणि उजेडात आणला.

समिती अजून व्हरांड्यातच उभी होती. तिघांनीही बघितलं. मी मोठ्याने म्हटलं, "पॅनची काच फुटून भाजलाय हा. कारखान्यात भाजलाय. वहीत खोटं आहे. मीच लिहिलंय."

चष्मेवाल्यांपैकी एकाने खिशातून रुमाल काढला आणि नाकाला लावला. साहेब म्हणाले, "घरगुती मामला आहे, तापात आहे बिचारा. चला, चहा गार होतोय." आणि ते गेले. तिघंही गेले. कपबशांचा आवाज आला, मग कुणाचं तरी हसणं.

पाहुण्यांसाठी उभ्या केलेल्या जीपच्या ड्रायव्हरला मी म्हटलं, "सांगलीला घ्या." त्याने साहेबांच्या केबिनकडे बघितलं, मग गाड्याकडे बघितलं. विडी फेकली आणि दार उघडलं. "बसा," म्हणाला.

सिव्हिलमध्ये केसपेपरवर मी घडलं ते सगळं लिहून दिलं आणि खाली सही केली. त्या कागदाचं पुढे काय झालं मला कळलं नाही. कुणी विचारायला आलं नाही. हवालदार जगला. एका पायाची पाचही बोटं आणि दुसऱ्याची दोन काढावी लागली. ढाल कारखान्याला मिळाली. पेढे वाटले, माझ्या टेबलावरही दोन ठेवून गेले. त्याच आठवड्यात साहेबांनी मला बोलावून त्याच मऊ आवाजात सांगितलं, "बाई, इथली हवा तुम्हाला मानवत नाहीसं दिसतं." हवालदाराला पुढच्या हंगामाला परत बोलावलं नाही. त्या पायांनी तो कामाला लायक राहिला नव्हता.

पुढच्या वर्षी मी सरकारी आरोग्य केंद्रात लागले, आणि नेमणूक नेमकी कवठे महांकाळ तालुक्यात झाली. लसी टोचायला त्याच्या वस्तीवर जावं लागणार हे कळलं तेव्हा ती वस्ती मी यादीत शेवटी ठेवली. तो घरासमोर काठी घेऊन बसला होता, माळावर त्याच्या शेळ्या चरत होत्या. त्याने मला ओळखलं. बायकोने घोंगडं टाकलं, चहा केला. बोलणं पावसापाण्याचं चाललं. शेवटी मीच म्हटलं, "हवालदार, मी लवकर बोलायला हवं होतं."

मला वाटलं तो म्हणेल, जाऊ द्या बाई, तुम्ही तरी काय करणार. माणसं असं म्हणतात. मी त्याचीच वाट बघत होते, हे मला तेव्हा कळलं आणि माझीच मला घाण वाटली.

त्याने लांब गेलेल्या एका शेळीला हाक घातली. मग म्हणाला, "व्हय. पयल्याच दिशी गाडीत घातलं असतंसा तर बोटं ऱ्हायली असती."

रागाने नाही म्हणाला. हिशेब सांगावा तसंही नाही. जे होतं ते म्हणाला. त्याची बायको चुलीपाशी होती, तिने वर बघितलं नाही. मी चहा संपवला आणि पिशवी उचलून पुढच्या घरी गेले. तिथली पोरं सुईच्या धाकाने रडत होती.