ते ‘बस’ म्हणाले

काजवाल्या काकूंना घरातल्या दोन गोष्टींना हात लावायची मुभा नव्हती. एक, अहोंची दाढीची पेटी आणि दुसरी, भिंतीतला कुठलाही प्लग. काकू शिंप्यांकडून आलेल्या शर्टांना काजं करून द्यायच्या, म्हणून त्यांचं हे नाव. अहो वायरमन, सगळा जन्म तारांमध्ये गेलेला. लग्न झाल्या झाल्या त्यांनी बजावलं होतं, "विजेचं काही अडलं तर हात लावायचा नाही. मला विचारायचं." काकूंनी हे इतकं मनावर घेतलं की पंख्याचं बटणसुद्धा त्या विचारून दाबत.

मग अहोंना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. ज्या माणसाच्या बडबडीला शेजारीपाजारी वैतागायचे, त्याच्याकडे फक्त एक हुंकार उरला. हो म्हणायचं तरी हूं आणि नको म्हणायचं तरी हूं. ओळखायचं काकूंनी.

दुपारी मात्र त्या हुंकारात जीव यायचा. आतल्या खोलीत टीव्हीवर फुटबॉल लागायचा. पंचाने काही वेडंवाकडं केलं की अहो लालबुंद व्हायचे आणि डावा हात पलंगावर आपटायचे. काकू सुई थांबवून बघत राहायच्या. त्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण नवरा अजून चिडतोय ना, मग अजून तो आहे, एवढं त्यांना पुरत होतं.

परगावी नोकरीला असलेल्या मुलाला बाबांना रोज डोळ्यांनी बघायचं होतं. त्याने टॅबलेट पाठवला आणि पाठोपाठ वायफाय बसवायला माणूस. माणूस बोलायला गोड होता. बाहेरच्या खोलीत त्याने राउटर लावला, पण आतल्या खोलीत रेंज पोचेना. "इथे बूस्टर लागेल," तो म्हणाला आणि कपाटामागे वाकला. तिथल्या प्लगमध्ये चिकटपट्टी गुंडाळलेलं एक काळं डबडं होतं. त्याने ते उपसलं.

"हे कशाचं आहे काकू?"

"मला बाई वायरीतलं काही कळत नाही."

"जुनाट दिसतंय. राहू दे वर." डबडं कपाटावर गेलं आणि त्याच्या जागी पांढरा बूस्टर बसला. पलंगावरून अहोंनी जोरात हूं केलं. काकूंनी त्यांना पाणी पाजलं.

त्या दुपारी टीव्ही लावला, तर पडद्यावर एकच ओळ. सिग्नल नाही.

मुलाला फोन झाला. "वायफायमुळे होतं म्हणे कधी कधी. राउटर बंद करून बघ," तो म्हणाला. काकूंनी लांबून शिवणाच्या लाकडी पट्टीने बटण दाबलं. राउटर बंद झाला, टॅबलेटही मुका झाला, टीव्ही आला नाही तो नाहीच, म्हणून राउटर परत लावला. संध्याकाळी मुलाने परत विचारलं, "आई, गच्चीवरच्या अँटेनाला बूस्टर असतो. तो चालू आहे का?"

"चालू आहे की! चांगला हिरवा दिवा लागलाय."

मायलेक दोघंही खरंच बोलत होते, फक्त वेगवेगळ्या डबड्यांबद्दल. शेजारी आले, त्यांनी गच्चीवर जाऊन अँटेना बघितला, टीव्हीच्या पाठीत दोन थापा मारल्या आणि "सेटच गेलाय, भंगारात द्या" म्हणून चहा पिऊन गेले. असल्या तज्ज्ञांची कुठेच टंचाई नसते.

आणि मग ते घडलं. काकू घास भरवत होत्या. अहोंचा चेहरा आक्रसला, ओठ जुळले, मानेची शीर फुगली आणि तोंडातून शब्द आला. "बस."

काकूंच्या हातातला चमचा खाली पडला. हुंकार नव्हे, अख्खा शब्द! त्यांनी ताट बाजूला ठेवलं, डोळे पुसले आणि मुलाला टॅबलेटवर बोलावलं. "अरे, बाबा बोलले! बस म्हणाले!" मुलगा तिकडे रडला, त्याची बायको रडली.

त्यानंतर अहो म्हणतील तेव्हा काकू ऐकत गेल्या. जेवताना बस म्हणाले की ताट उचलायच्या. एरवी म्हणाले की हातातलं काम टाकून पलंगाशी बसायच्या. "बसले हो, ही बघा बसले." अहो डावा हात कपाटाकडे उगारायचे. काकूंना वाटायचं, कपाटाशेजारच्या खिडकीतल्या उन्हाचा त्यांना त्रास होतोय, आणि त्या खिडकी लावायच्या. अहो घामाघूम होऊन पुन्हा पुन्हा म्हणायचे, बस, बस, बस. एकदा त्यांनी पेला फेकला. काकूंनी फरशी पुसली आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "बरं, बस तर बस."

अहोंनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्यानंतर बस आलं नाही आणि हूंही आलं नाही.

टॅबलेटवर चित्र अडकायला लागलं म्हणून वायफायवाला परत आला. कपाटामागे हात घालत म्हणाला, "काकू, जरा सरका. बूस काढतो."

काकू सरकल्या नाहीत. "काय म्हणालात?"

"बूस हो. बूस्टर. आमच्या लाइनीत सगळे बूसच म्हणतात."

"आणि ते कपाटावरचं डबडं?"

त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि जीभ चावली. "हा टीव्हीचा बूस. अँटेनाचा. माझ्याच हातून निघाला वाटतं."

त्याने दोन प्लग बसतील अशी एक जोडपट्टी आणली, दोन्ही बूस शेजारी शेजारी खोचले आणि टीव्ही लागला. एवढंसं काम. मैदान हिरवंगार दिसत होतं, लोक ओरडत होते. वायफायवाला माफी मागून गेला. काकूंनी त्याला एक शब्दही बोलून दाखवला नाही. बोलायचं कुठल्या तोंडाने? अडलं तर मला विचार, असं अहो जन्मभर सांगत आले होते. काकूंनी साऱ्या जगाला विचारलं. आणि अहोंनी तर न विचारता सांगितलं होतं, घसा फोडून सांगितलं होतं.

त्यांनी अहोंची मान हलकेच टीव्हीकडे वळवली. "अहो, लागला बघा. बूस म्हणत होतात ना? मला कळलं हो. आता म्हणा. एकदाच म्हणा."

अहोंनी पडद्याकडे पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं. पंचाने शिट्टी फुंकली, खेळाडू त्याच्या अंगावर धावून गेले. डावा हात पांघरुणावर होता तसाच पडून राहिला.

टॅबलेट वाजला. "आई, टीव्ही आला का गं? बाबा काय म्हणाले?"

"बस म्हणाले," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी टॅबलेट पालथा ठेवला.