सरवण सिंगांचं वर्णन

विठ्ठलवाडीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर गुरमेज कौर राहतात. मी त्यांना तीस वर्षं ‘कौरबाई’ म्हणतोय. कौर हे आडनाव नसतं, हे मला माझ्या नातीने, राजसीने, परवापरवा सांगितलं. त्यांनी स्वतः कधी हटकलं नाही. आता सवय मोडत नाही, म्हणून इथेही कौरबाईच लिहितो.

चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात त्या दिल्लीहून उल्हासनगरला भावाकडे आल्या, कडेवर वर्षाची मुलगी घेऊन. वय चोवीस. पंतप्रधानांच्या हत्येनंतर दिल्लीत शिखांची कत्तल झाली, तीत नवरा गेला. गेला म्हणजे घराबाहेर पडला तो परत आला नाही. प्रेत मिळालं नाही, मृत्यूचा दाखलाही नाही. भावावर भार नको म्हणून त्या जीन्सच्या कारखान्यातून काम आणायला लागल्या. शिवून झालेल्या पँटींचे धागे कापायचं काम सोपं, बायका त्यासाठी भांडायच्या, पण कौरबाईंनी ते कधी घेतलं नाही. त्यांनी बटणं ठोकली, बोटं सुजवून घेतली आणि मुलीला नर्स केलं.

मी अंबरनाथला फॅक्टरीच्या ऑफिसात चौतीस वर्षं काढली. अर्ज लिहावा तर शरदचंद्राने, असं बिल्डिंगचं मत आहे आणि माझंही. दर नोव्हेंबरात गुरुद्वाऱ्यात चौऱ्याऐंशीच्या मृतांची आठवण होते. इथे येऊन वसलेल्या कुटुंबांची अकरा माणसं. त्यांचे फोटो लावतात, अरदासला म्हणजे प्रार्थनेला सगळे उभे राहतात, एकेकाचं नाव घेतलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी सरकारी कार्यालयात निवेदन जातं: केसेस पुन्हा उघडा, दोषींना शिक्षा करा. मी रिटायर झाल्यापासून निवेदनाचं मराठी माझ्याकडे आहे. मजकूर तोच, मी फक्त वर्षांचा आकडा वाढवतो. तो वाढवताना माझं डोकं फिरतं.

नावं वाचली जायची तेव्हा कौरबाई मागे लंगरमध्ये रोट्या लाटत असायच्या. नवऱ्याचं नाव, सरवण सिंग, त्यांनी यादीत कधी दिलंच नाही. विचारलं तर म्हणायच्या, “दाखला नाही ना भाऊ. विदाऊट दाखला कसं नाव देणार?” मला हे पटलं. कागदात आयुष्य गेलेल्या माणसाला असलं काहीही पटतं. मी म्हटलं, मग आपण दाखला काढू.

माहितीच्या अधिकारात मी दिल्लीला आठ वर्षं अर्ज केले. पोलीस ठाणी झाली, दवाखाने झाले. प्रत्येक अर्जात वर्णन घातलं: सरवण सिंग, वय एकोणतीस, शीख, लांब केस, दाढी, उजव्या हातात कडं. प्रत्येक वेळी उत्तर एकच, या वर्णनाच्या व्यक्तीची नोंद आढळत नाही. मी दिल्लीच्या कारकुनांना इथे बसून शिव्या घालायचो. कौरबाई ऐकायच्या आणि चहा पुढे करायच्या.

गेल्या वर्षी मी नववा मसुदा घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि वर्णन मोठ्याने वाचून दाखवलं.

“ते काढा,” त्या म्हणाल्या.

“काय काढू?”

“केस काढा. दाढी काढा. कडं पण.” मग मसुदा माझ्या हातातून घेऊन त्यांनी पालथा ठेवला. “शरदभाऊ, मध्ये बोलू नका. बोललात तर मी नाही सांगू शकणार.”

एक नोव्हेंबरची सकाळ. पलीकडच्या गल्लीतून धूर येत होता. सरवण सिंग केस कापायला तयार नव्हते. म्हणाले, मरेन पण हे नको. कौरबाईंनी मुलगी त्यांच्या पायांवर ठेवली आणि तिची शपथ घातली. ते उपड्या बादलीवर बसले. शिवणकामाच्या कात्रीने त्यांनी नवऱ्याचे केस कापले, दाढी कापली, साबण लावून कडं काढलं. ते डोळे मिटून बसले होते. शेजाऱ्याचा शर्ट घालून दुपारी निघाले, दोन गल्ल्यांपलीकडे राहणाऱ्या म्हाताऱ्या वडिलांना आणायला.

“जाताना माझ्याकडे बघितलं नाही,” कौरबाई म्हणाल्या. “एक शब्द नाही बोलले. मी त्यांचं सिंगपण माझ्या हाताने काढलं, आणि वाचले पण नाहीत. कुठल्या तोंडाने नाव देऊ? शहिदांच्या लाइनमध्ये?”

खरं सांगतो, मला आधी राग आला. आठ वर्षं हा माणूस खोट्या वर्णनाने शोधत होतो मी! घरी येऊन बायकोवर ओरडलो. ती म्हणाली, “तुम्ही तरी कधी विचारलंत, त्या दिवशी काय झालं?” नव्हतं विचारलं. मी वय विचारलं, उंची विचारली, कड्याचा हात विचारला. फार लाज वाटली.

नववा अर्ज नव्या वर्णनाने गेला. यंदा सप्टेंबरात एका दवाखान्याच्या जुन्या नोंदवहीची प्रत आली. दोन नोव्हेंबर, तीन अनोळखी पुरुष, वय अंदाजे तीस, केस आखूड, दाढी नाही, धर्म हिंदू. सरकारी खर्चाने अंत्यसंस्कार. फोटो नाहीत. सोबत पत्र होतं की तिघांपैकी कोण हे ठरवता येत नाही, सबब दाखला देता येत नाही. मी ते कौरबाईंना वाचून दाखवलं. धर्माच्या रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि पुन्हा वाचायला लावलं.

यंदाच्या नोव्हेंबरात त्या लंगरमध्ये गेल्या नाहीत. अरदासच्या आधी माइकपाशी जाऊन उभ्या राहिल्या. पंजाबीत बोलल्या, मला समजलं तेवढं सांगतो. नवऱ्याचं नाव सांगितलं. केस मी कापले, असं सांगितलं. ते नको म्हणत होते, हेही सांगितलं. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या सरदारजींनी तोंडावर हात घेतला आणि ते हुंदके देऊन रडायला लागले.

गुरुद्वाऱ्याचे अध्यक्ष, प्रधानजी, उठून म्हणाले, “बहनजी, दाखला असो नसो, सरवण सिंग आज बारावे.”

“बारा नाही, चौदा,” कौरबाई म्हणाल्या. त्यांनी नोंदवहीची प्रत उघडून प्रधानजींच्या हातात दिली. “त्या दोघांची नावं मला माहीत नाहीत. पण ह्यांच्याबरोबर त्यांना पण हिंदू लिहिलंय. त्यांचे केसही घरातच कुणीतरी कापले असतील.”