चुन्याची निवळी

आधीच सांगते, मी रसायनशास्त्र शिकवते आणि असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्याकडे कावीळ उतरवणारे रोग्याचे हात धुऊन पाणी पिवळं करून दाखवतात ना, ती हातचलाखी मी दरवर्षी नववीच्या वर्गात उघडी पाडते. हाताला आंब्याच्या खोडाच्या सालीचा रस लावायचा, वर चुन्याची निवळी ओतायची... झालं पाणी पिवळं! त्यात कावीळबिवीळ काही नसते.

तरी ह्यांना कावीळ झाली तेव्हा आमच्या गावचे, पावसचे शेजारी ह्यांना अशाच एकाकडे घेऊन गेले आणि मी गप्प बसले. पंधरा दिवस फुकट गेले. त्याचा राग अजून माझा माझ्यावरच आहे. मग मुंबईत कळलं — पित्तनलिकेचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. ऑपरेशन शक्य नाही. स्टेंट घातला, केमो झाली, आणि गाठीच्या जीन तपासणीत असा एक बदल सापडला, ज्यावर नेमकी गोळी होती. टार्गेटेड थेरपी. चौदा दिवस गोळी, सात दिवस सुट्टी. नखं सुटायला लागली, डोळे कोरडे पडले, पण गाठी निम्म्या झाल्या! नखांमुळे आमच्या आंब्याच्या बागेत हात घालायची बंदी, म्हणून हे घरातच असायचे.

सुट्टीच्या आठवड्यात एका दुपारी मी शाळेसाठी निवळी गाळत होते. "अगो, आम्हाला पण दाखव की तुझी जादू," म्हणत ह्यांनी थट्टेत हात पुढे केले. साल तर मी आणलीच नव्हती. तरी निवळी ओतली.

पाणी पिवळं झालं.

साबणाने हात धुवायला लावले, दुसरं पातेलं घेतलं, पुन्हा ओतली. पुन्हा पिवळं. माझ्या हातांवर ओतली — काही नाही. "उतरली हो कावीळ!" हे हसले. मी मात्र रिपोर्टांची फाईल काढली. आदल्याच दिवशीचं बिलिरुबिन अगदी नॉर्मल होतं. डॉक्टरांना सांगणार तरी काय, कप्पाळ?

तीन आठवड्यांनी ह्यांचे डोळे पिवळे झाले. स्कॅनमध्ये नव्या गाठी. आजार कधीतरी गोळीला दाद देईनासा होतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ते मला कळतं. ते पाणी कळत नाही. उरलेली निवळी तपासली, पातेली तपासली, साबणसुद्धा... काही सापडलं नाही.

आता दुसरी गोळी सुरू केलीय. काल पडल्यापडल्या हे म्हणाले, "परत एकदा ओतून बघूया काय?"

"चुना संपलाय," मी म्हटलं.

"बरं," म्हणाले, आणि दोन्ही हात पांघरुणात घेतले.