रविवारचा घास

सुमनमावशींनी जन्मभर जो पदार्थ सगळ्यांत जास्त वेळा शिजवला, तो त्यांनी स्वतः कधी चाखलेला नव्हता. तो पदार्थ म्हणजे बीफ स्ट्यू. दर रविवारी सकाळी त्यांचं ते जाड बुडाचं काळं पातेलं ओव्हनमध्ये जायचं आणि दुपारपर्यंत घर त्या वासाने भरून जायचं. एडिनबराच्या आमच्या मराठी मंडळात त्यांना पाठीमागे ‘स्ट्यूमावशी’ म्हणत. मावशींना हे ठाऊक होतं. “म्हणू देत गं,” त्या म्हणायच्या, “गणपतीला मोदक कोण करतं ते विचार त्यांना.” त्यांच्या घरी पाणीसुद्धा प्यायला कचरणारी मंडळी त्यांचे मोदक मात्र डबे भरभरून न्यायची, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मी हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून नोकरीला लागले आणि मावशींच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायला आले. पुण्याच्या, अंड्यालासुद्धा न शिवणाऱ्या घरातली मी. पहिल्याच रविवारी त्या वासाने माझा जीव घाबरा झाला. मावशींनी खिडकी उघडली, मला बाहेरच्या पायरीवर बसवलं आणि हातात मेतकूट-भाताची वाटी दिली, वर तुपाची धार. “खा. ऊन आहे तोवर खा. वासाची सवय होते, भुकेची नाही होत.” पुढची काही वर्षं माझी प्रत्येक वाईट शिफ्ट त्या मेतकूट-भातापाशी येऊन संपली. कोणी पेशंट दगावला की मी काही सांगण्याआधीच कुकर लागलेला असे. त्या स्वतः ऑपरेशन थिएटरच्या नर्स होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. माणूस दारातून आत कसा येतो त्यावरून त्यांना सगळं कळायचं.

स्ट्यू करायलाही त्या थिएटरमध्ये उभ्या राहिल्यासारख्याच उभ्या राहायच्या. हातात पातळ ग्लव्ह्ज, पदर खोचलेला, मांसाची सुरी वेगळी, पाट वेगळा, डाव वेगळा. बुचरकडून आणलेल्या मांसाचे एकसारखे तुकडे, पिठात घोळवून लाल परतलेले. मग कांदा, गाजर, सलगम, मूठभर बार्ली. शेवटी पिठाचे गोळे सोडायचे. त्याला इकडे डंपलिंग म्हणतात. मावशी त्याला वरणफळं म्हणत आणि अगदी तशीच करत. सगळं ओव्हनमध्ये गेलं की ग्लव्ह्ज काढून आंघोळ करायच्या, कपडे बदलायच्या आणि मग देवापाशी दिवा लावायच्या.

कारण मावशी ‘मोठ्याचं’ खात नव्हत्या. साताऱ्याकडच्या त्या. घरी सणासुदीला बोकडाचा रस्सा असायचा, पण बैल म्हटला की त्यांच्या डोळ्यांपुढे बेंदराला, म्हणजे पोळ्याला, सजवलेली वडिलांची जोडी उभी राहायची. “बेंदराला ज्यांच्या पाया पडले गं मी, त्यांना कसं खाऊ?” एवढंच त्यांचं म्हणणं. त्यात ना शास्त्र होतं ना सोवळं. आणि इथे येऊन लग्न केलं ते कुणाशी, तर ॲलेकशी. बस चालवणारा, लालबुंद गालांचा, रविवारी स्ट्यू मिळाला नाही तर सोमवार उगवलाच नाही असं मानणारा.

सासूबाईंनी पहिल्यांदा शेजारी उभं राहून स्ट्यू शिकवला तेव्हा डाव पुढे करून म्हणाल्या होत्या, “टेस्ट इट, हेन.” लाडाने बोलायची इथली रीत ती. मावशींनी मान हलवली. सासूबाईंना वाटलं, पोरगी लाजते आहे. मावशींनी मनाशी तोड काढली होती: करायचा, पण चाखायचा नाही. मी एकदा न राहवून विचारलं, “अहो, पण न चाखता कळतं कसं तुम्हाला?”

“नैवेद्य काय चाखून दाखवतो का आपण? ज्याचा त्याला आधी. वासावरून कळतं.”

तो वास बघणं हा एक सोहळाच होता. झाकण उघडायचं, डोळे मिटायचे, वाफ हाताने नाकाशी ओढायची. मग नाक मुरडायचं. “कच्चा येतोय अजून.” आणि बहिणीने गावाहून पाठवलेल्या काळ्या मसाल्याचा डबा उघडून चिमूटभर टाकायचा. पुन्हा वास. पुन्हा चिमूट. मन भरलं की, “हां, आता शिजला,” असं म्हणून झाकण लावायचं. सासूबाईंच्या कृतीत हा मसाला कुठे नव्हता, पण त्या तोवर वारल्या होत्या आणि मावशींच्या लेखी तो मसाला नव्हताच, ते कच्चा वास मारायचं औषध होतं.

ॲलेक जेवायला बसला की मावशी आपलं ताट घेऊन ओट्यापाशी उभ्या. एका टेबलावर बसायच्या नाहीत. त्याला ह्याचं फार वाटायचं. लग्नात दोघांनी एकमेकांना जिलबीचा घास भरवला होता, तेव्हापासून ‘घास’ हा शब्द त्याने पाठ करून ठेवला होता. दर रविवारी पहिला काटा भरायचा, मावशींपुढे धरायचा आणि, सुमनचं त्याने ‘सू’ केलं होतं, विचारायचा, “घास, सू?”

मावशींकडे कारणांना तोटा नव्हता. आज एकादशी. आज संकष्टी. आज प्रदोष. काहीच नसलं तर आज माझ्या आजीचं श्राद्ध. ॲलेक मला गंभीरपणे म्हणायचा, “पुअर ग्रॅनी. शी डाइज एव्हरी समर.” मग काटा स्वतःच्या तोंडात घालून डोळे मिटायचा आणि म्हणायचा, “आय,” म्हणजे इकडचं ‘हो’, “टेस्ट्स लाइक होम.” मावशी गालातल्या गालात हसायच्या. मला सांगायच्या, “आईची आठवण येते गं त्याला. सासूबाईंचा हात माझ्या हातात उतरलाय.”

चेष्टा चालायची, पण त्याला खरोखरच हवं होतं ते. सगळा स्ट्यू नको होता, तिने शेजारी बसावं आणि आपल्या ताटातला एक घास घ्यावा, एवढंच. मावशी ते जाणून होत्या. मला वाटतं, कधीतरी खाऊ असंही त्यांनी मनात धरलेलं होतं. कधीतरी म्हणजे कधी, ह्याचा विचार आपण कुणीच करत नाही.

मग ॲलेक आजारी पडला. पोटातलं दुखणं, आणि कळलं तेव्हा फार काही करण्यासारखं उरलं नव्हतं. वॉर्डात एक दिवस जेवणाच्या ट्रेमध्ये स्ट्यू आला. त्याने एक चमचा घेतला आणि ट्रे सरकवला. “दॅट्स नॉट स्ट्यू,” तो मला म्हणाला. “देअर्ज नथिंग इन इट.” औषधांनी तोंडाची चव जाते, असं मी त्याला समजावलं. तोंडाची चव जाते हे मला डॉक्टर म्हणून ठाऊक होतं आणि त्या भरात मी पुढे विचारच केला नाही. दुसऱ्या दिवशी मावशी घरून डबा घेऊन आल्या. चार-पाच चमचे खाल्ले त्याने. मग चमचा भरला आणि पुढे धरला.

“घास, सू?”

मावशींनी ह्या वेळी आजीला मध्ये आणलं नाही. त्यांनी तो हात चमच्यासकट खाली ठेवला आणि म्हणाल्या, “यू कम होम फर्स्ट. घरी ये. आपल्या टेबलावर बसून खाईन. प्रॉमिस.”

तो घरी आला नाही.

इथे माणूस गेला तरी दहनाला वेळ लागतो. कागदपत्रं, तारीख मिळणं, सगळं आस्ते आस्ते. दहावा दिवस उजाडला तेव्हा ॲलेक अजून फ्युनरलवाल्यांकडेच होता. पण मावशींनी दिवस मोजले होते. गुरुजींना विचारायची सोयच नव्हती, कारण पिंडाच्या जागी त्या काय ठेवणार होत्या हे ऐकून गुरुजींनी फोन ठेवला असता. सकाळी मी खाली आले तर मागच्या बागेत ॲलेकच्या पालथ्या कुंडीवर ताट मांडलेलं होतं आणि त्यात वाफाळता स्ट्यू, दोन डंपलिंगसकट.

कावळा होता. शेजाऱ्यांच्या चिमणीवर बसून तो आमच्याकडे बघत होता. खाली मात्र उतरेना.

मावशी हात जोडून उभ्या राहिल्या. गावी जसं गेलेल्या माणसाला शब्द देतात तसे त्या एकेक शब्द देऊ लागल्या. आधी मराठीत, मग, “त्याला कुठलं समजतंय,” म्हणून इंग्रजीत. युअर टोमॅटोज, आय विल वॉटर देम. तुझ्या बहिणीला दर आठवड्याला फोन करीन. तुझी बागेतली शेड मोडणार नाही. कावळा जागचा हलला नाही. गारठ्याने माझे दात वाजत होते. मावशी बोलायच्या थांबल्या आणि त्यांनी ताटातल्या स्ट्यूकडे पाहिलं. मग आत गेल्या.

मी मागोमाग गेले. त्यांनी ओव्हनवरचं पातेलं उघडलं, एका बशीत वाढून घेतलं आणि टेबलाशी येऊन ॲलेकच्या खुर्चीशेजारच्या खुर्चीवर बसल्या. त्या खुर्चीवर मी त्यांना कधीच बसलेलं पाहिलं नव्हतं. चमचा भरला, डोळे मिटले आणि घास घेतला.

चावता चावता त्या थांबल्या. मला वाटलं, आता उलटी होणार. मी सिंककडे धावले. पण त्यांनी हाताने मला थांबवलं. गिळला. रश्श्याचा आणखी एक चमचा घेतला. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही.

“अगं, हा तर आमच्या आईचा रस्सा आहे.”

मला काही कळेना.

“तोच गं, तोच. आमच्या घरचा. बेंदराच्या दुसऱ्या दिवशीचा.” त्यांनी चमचा बशीत ठेवला. “तो टेस्ट्स लाइक होम म्हणायचा, तर मला वाटायचं त्याच्या आईचं घर. माझ्या घरचं खात होता तो. जन्मभर माझ्या माहेरचं खात होता आणि मी तिकडे ओट्यापाशी उभी.”

नाकाला शिजल्याचा एकच वास माहीत असलेल्या बाईने, त्या वासाच्या मागे चिमूट चिमूट जात, सासूचा स्ट्यू कधी आईच्या रश्श्यावर नेऊन ठेवला होता, हे तिचं तिलाच कळलं नव्हतं. ट्रेमधल्या स्ट्यूत काहीच नाही म्हणणाऱ्या ॲलेकच्या जिभेला काहीही झालेलं नव्हतं. ॲलेक गेल्यापासून मावशींच्या डोळ्यांत मी पाण्याचा टिपूस पाहिला नव्हता. त्या दिवशी त्या हुंदके देत सगळी बशी संपेपर्यंत खात राहिल्या. बाहेर बघायचं आम्हा दोघींनाही सुचलं नाही. नंतर गेले तर ताट रिकामं होतं. कावळा शिवला की सीगलने डल्ला मारला, मी विचार केला नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

त्यानंतर त्यांनी स्ट्यू केला नाही. मी वेगळं घर घेतलं तेव्हा ते पातेलं माझ्या हातात ठेवलं. “वरणफळं कर ह्यात, चांगली होतात.” पुढे हृदय थकलं, जिना चढवेना, आणि मावशी केअर होममध्ये राहायला गेल्या. तिथे रविवारी स्ट्यू असे. मी भेटायला गेले की त्यांचं ताट सरकवून ठेवलेलं दिसायचं. “ह्यात काहीच नाहीये गं,” म्हणायच्या. मग गेल्या हिवाळ्यात एकदा, भिंतीकडे बघत, हळूच म्हणाल्या, “तू करशील का?”

मी ग्लव्ह्ज घातले. बुचरकडे गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा, नाव घेताना अडखळत, बीफ मागितलं. पातेलं ओव्हनमध्ये ठेवलं, झाकण उघडून डोळे मिटले, वाफ हाताने ओढली, आणि त्यांनी घर सोडताना मला दिलेल्या डब्यातला मसाला चिमूट चिमूट घालत राहिले, ते त्या जुन्या घराचा रविवार नाकात येईपर्यंत. चाखला नाही. नैवेद्यच होता माझाही.

मावशींनी पहिला चमचा घेतला आणि मान डोलावली. दुसरा भरून, ॲलेक धरायचा तसा, माझ्यापुढे धरला.

“घास?”

एकादशी माझ्या ओठांवर आली होती. खरंच आली होती. मी तिला मागे ढकललं आणि तोंड उघडलं. चवीचं मला काही सांगता येणार नाही. ताडून बघायला माझ्याकडे दुसरी चवच नव्हती. मावशींनी रुमालाने माझी हनुवटी पुसली आणि समाधानाने उशीला टेकल्या.

“झालं. आता माझा कावळा लगेच शिवेल बघ.”

दोनच आठवड्यांनी त्या गेल्या. दहाव्या दिवशी मी फ्रीझरमधला उरलेला स्ट्यू गरम करून बागेत ठेवला, आणि आत येऊन किटली लावेपर्यंत कावळा येऊन गेला होता.